नळाला हात लावला की मुंग्या येतात, गिझर बदलू का?

पेठेतली_सून

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. सोपा आणि माजघर दगडमातीचं, मागं परड्यात नंतर बांधलेलं बाथरूम. गेले काही दिवस सासूबाई म्हणतायत की नळाखाली तांब्याची घागर धरली की बोटांना मुंग्या येतात. आधी वाटलं, वयामुळं हात बधिर होत असतील. मग मी चप्पल काढून ओल्या फरशीवर उभी राहिले आणि घागरीचा काठ नळाला टेकवला. मनगटापर्यंत झणझण! चप्पल घातली की काही जाणवत नाही, त्यामुळं घरातल्या पुरुषमंडळींना हे खरंच वाटत नाही.

ओळखीचा वायरमन येऊन गेला. नळाला टेस्टर लावला, आतला दिवा मिणमिणला, आणि उभ्या उभ्या निकाल दिला की गिझर करंट मारतोय, नवा घ्या. गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा आहे. त्याला वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे. बाकी घराला अजून चिनी मातीचे जुने फ्यूजचे कटआऊट. अर्थिंग आहे असं सगळे म्हणतात, पण ते जमिनीत कुठं पुरलंय ते घरात कुणालाच माहीत नाही.

गिझर बदलायला पैसे घालायच्या आधी विचारते, कारण एक गोष्ट मला खटकते. हा त्रास फक्त पहाटे नळाला पाणी येतं तेव्हाच होतो. काल दुपारी मुद्दाम गिझर लावून वायरमनचा टेस्टर त्याच नळाला लावला, तर काही नाही.


रंकाळा_राऊंड

वहिनी, पायात रबरी चप्पल घालायची, विषय एंड. आमच्या आजोळी मिक्सर लावताना पाटावर उभं राहायची पद्धतच होती. कुणाला काही झालं नाही.


जुगाड_नंबर_एक

अर्थिंग मेलेलं असणार, दुसरं काही नाही. जुन्या घरात खड्डा खणत बसू नका. गिझरच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकाची (अर्थची) पिन आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडून टाका. न्यूट्रल शेवटी डीपीजवळ, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळ, अर्थच केलेली असते. माझ्या घरी सगळ्या सॉकेटला असंच आहे, खर्च शून्य.


उद्यमनगर_वायंडिंग

ताई, कारण सापडेपर्यंत एक करा. रात्री झोपायच्या आधी त्या नळाला प्लास्टिकची नळी बसवा, दुसरं टोक पिंपात सोडा आणि नळ उघडा ठेवून झोपा. पहाटे पाणी आपोआप पिंपात पडेल, धातूला हात लावायची वेळच येणार न्हाई. पाणी जाऊन तासभर झाला की मगच नळ बंद करा. गिझरचा प्लगही काढून ठेवा, नुसता खटका बंद करून भागत न्हाई. जुन्या घरात फेज (करंट घेऊन येणारी तार) आणि न्यूट्रल उलटी जोडलेली असली तर खटका न्यूट्रल तोडतो आणि आत फेज तशीच राहते.

आता जुगाड भावा, तुझ्याशी बोलतो. ते तुकडे आज काढ. उद्या न्हाई, आज.

डीपीजवळ न्यूट्रल अर्थ केलेली असते, हे तुझं बरोबर. पण तिथनं तुझ्या घरापर्यंत येईस्तोवर ती करंट वाहणारी तार असते. आता समज, डांबावरची न्यूट्रल वाऱ्यानं तुटली. किंवा जुन्या कटआऊटला फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडं फ्यूज असायची, त्यातली न्यूट्रलची उडाली. घरात एखादा दिवा तरी चालूच असतो. फेज त्या दिव्यातनं न्यूट्रलमध्ये उतरते आणि पुढं वाट नसल्यामुळं तिथंच थांबते. म्हणजे घरभरची न्यूट्रल २३० व्होल्टची झाली. आणि तू ती फ्रिजच्या, वॉशिंग मशिनच्या, गिझरच्या पत्र्याला स्वतःच्या हातानं जोडून ठेवलीयस. माणसाला वाटतं लाईट गेली, सगळं बंद दिसतंय. पोरगं गार पाण्याची बाटली घ्यायला अनवाणी जाऊन फ्रिजच्या दाराला हात घालतं. पुढचं लिहीत न्हाई. वायरमननं बोर्ड उघडताना चुकून फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली तर त्यासाठी तार तुटायचीही गरज न्हाई.

आणि हा तुकडा असला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, आंधळा होतो. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजनं जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलनं परत आला का. गळणारा करंट तुझ्या तुकड्यातनं न्यूट्रलमध्येच परत आला तर त्याला हिशोब बरोबर दिसतो. तो पडणार न्हाई.

ताई, तुमच्या एमसीबीचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं एमसीबी बसवला म्हणजे शॉकचं भ्या न्हाई. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत न्हाई. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढं हात आवळला जातो, सोडवायचा म्हटलं तरी सुटत न्हाई. ३० च्या पुढं श्वासाचा आणि हृदयाचा खेळ सुरू होतो. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस चिकटून मेला तरी त्याला पत्ता लागत न्हाई.

अर्थिंग असलं तरी ते कसलं आहे हे मोजल्याशिवाय कळत न्हाई. उन्हाळ्यात खड्डा वाळला, आतलं मीठ-कोळसा कधीच निघून गेला, पट्टी गंजली, की त्याचा रेझिस्टन्स २० ओहमवर सहज जातो. मग गिझरच्या बॉडीत फेज उतरली तर किती करंट जाणार? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलत न्हाई. मीटर पळत राहतो आणि बॉडीवर जवळजवळ सगळे २३० व्होल्ट तसेच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तर तो याच खराब अर्थिंगवरही डोळ्याचं पातं लवायच्या आत पडला असता.

आता तुमच्या प्रश्नाकडं. दुपारी गिझर चालू असताना काही न्हाई आणि पहाटे पाणी आलं की करंट, हे तुम्ही शेवटी लिहिलंय, खरं तर तिथनंच सुरुवात करायला पाहिजे होती. मला दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडं पाण्याला मोटर आहे का? आणि शेजाऱ्यांकडं?

दुसऱ्या वायरमनला पहाटेच बोलवा. नळाला करंट असताना घरचा मेन बंद करायला सांगा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, न्हाईतर मेन पाडूनसुद्धा अर्ध्या घरात लाईन चालूच राहते. मग नळ टेस्टरनं न्हाई, मीटरनं मोजायचा. टेस्टरचा दिवा करंटच्या नुसत्या वासानंही लागतो, तो पुरावा न्हाई. मीटरची एक काडी नळाला, दुसरी परड्यातल्या ओल्या मातीत खोचलेल्या स्क्रूड्रायव्हरला. तुम्ही स्वतः यातलं काही करू नका.


पेठेतली_सून

काका, आमच्याकडं मोटर नाही. शेजारी आहे. शेजारी म्हणजे भावकीच, चुलत सासऱ्यांचं घर, मधली भिंत एकच. रस्त्यावरून आलेला लोखंडी पाईप त्यांच्या परड्यातून आमच्याकडं येतो. त्यांची मोटर त्या पाईपजवळच खड्ड्यात आहे आणि ती पहाटे पाणी आलं की लावतात.

आज दुसरे वायरमन आले होते. परवाना असलेले, वयस्कर आहेत. आमचा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून मोजलं तर नळाला ६८ व्होल्ट! म्हणजे गिझर निर्दोष. नवीन गिझरचे पैसे वाचले याचा आनंद मानू की भावकीत आता हे कसं सांगू याची काळजी करू, कळेना. त्यांना वाटेल, मोटरीवरून जुनं भांडण उकरतेय.


उद्यमनगर_वायंडिंग

मला पहिल्यापासनं मोटरीचाच संशय होता.

माझ्याकडं वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) भरायला येणाऱ्या घरगुती मोटरींत अर्धा एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) भरपूर असतात आणि सगळ्यांची कथा एकच. खड्ड्यात बसवलेली, सील गळून पाणी आत गेलेलं, वायंडिंगच्या कडेचा कागद काळा पडलेला. मोटर बंद पडत न्हाई, पाणी ओढतच राहते, म्हणून कुणी उघडून बघत न्हाई. पण वायंडिंगमधनं करंट बॉडीत उतरतो. बॉडी पाईपला नटबोल्टनं आवळलेली. त्यात बहुतेकांनी प्लगची हिरवी वायर त्याच पाईपला गुंडाळलेली असते, 'अर्थिंग दिलंय' म्हणून.

पूर्वी हे खपून जायचं. गल्लीतली पाण्याची सगळी लाईन लोखंडी, मैलभर जमिनीत पुरलेली, करंट जमिनीत निघून जायचा. आता बऱ्याच ठिकाणी मेन लाईन प्लास्टिकची झाली. राहिला तो दोन घरांमधला पाच-दहा फुटांचा लोखंडी तुकडा. त्याला जमीन नीट मिळत न्हाई, मग करंट तुमच्या नळावर येऊन बसतो आणि घागर धरणाऱ्याच्या अंगातनं वाट काढतो. पाण्याच्या पाईपला अर्थ करायचं न्हाई म्हणतात ते याचसाठी.

एक लक्षात घ्या. तुम्ही स्वतःच्या घरात कितीही भारी आरसीसीबी बसवा, या करंटला तो पडणार न्हाई. कारण हा करंट तुमच्या मीटरमधनं येतच न्हाई. आरसीसीबी पाहिजे तो मोटर ज्या घरात आहे तिथं.

भावकीचं म्हणाल तर भांडणाच्या सुरात जाऊ नका. त्यांच्याही घरात नळ त्याच पाईपला आहेत आणि मोटरीजवळ तर व्होल्ट जास्त असणार. त्यांना पुढच्या पहाटे मीटर लावून दाखवा, आकडा बघितला की माणूस वाद घालत न्हाई. मोटर प्लग काढून वर घ्यायला सांगा. उद्यमनगरात कुणाकडंही मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघतील, बॉडी आणि वायंडिंगमध्ये १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर मोटर भरून घ्यायची. नळाला थेट मोटर लावायला मुळात परवानगी नसते, पण तो विषय मी इथं काढत न्हाई, तुम्हीही तिथं काढू नका.

तुमच्या बाजूनं एकच काम. भिंतीतनं पाईप तुमच्या हद्दीत येतो तिथं हातभर लोखंड कापून प्लास्टिकचा तुकडा घाला. पाण्यातनं थोडं काही येऊ शकतं, पण लोखंडाची सलग वाट तुटते. आणि हे मोटर दुरुस्त झाल्यावरही करा.


जुगाड_नंबर_एक

काका, पटलं थोडं थोडं. पण मागं आरसीसीबी लावून बघितला होता. दिवसातून चार वेळा पडायचा, बायको वैतागली. शेवटी काढून ठेवला. असल्या वस्तूचा उपयोग काय?


उद्यमनगर_वायंडिंग

तो तुझ्या तुकड्यांमुळंच पडत असणार! सॉकेटला तुकडा आणि शिवाय कुठंतरी खरं अर्थिंगही जोडलेलं असलं की न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी फुटतो. आरसीसीबीला वाटतं गळती आहे, तो पडतो. पहिल्यांदा तुकडे काढ, मग परत लाव. तरी पडला तर वायरमनला इन्व्हर्टरची न्यूट्रल बघायला सांग. आरसीसीबीच्या आधीची आणि नंतरची न्यूट्रल इन्व्हर्टरच्या बोर्डात एकत्र गुंडाळून ठेवायची खोड लई जणांना आहे.

घेताना दुकानात '३० मिलिअँपिअर'च मागायचा. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीपासनं वाचवायला, माणसाला न्हाई. दोन पोलचा ४० अँपिअरचा चांगल्या कंपनीचा दोन हजारांच्या आसपास येतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबायचं. दाबून पडला न्हाई तर तो बदला. आणि आरसीसीबी लावला म्हणून एमसीबी काढायचा न्हाई, ओव्हरलोड आरसीसीबीला कळत न्हाई. शिवाय कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर त्याला तो माणूस बल्बासारखाच दिसतो, त्यामुळं उघड्या वायरीशी खेळ कधीच न्हाई.

रंकाळावाले, तुमच्या चपलेचंही बोलतो. चप्पल वाईट न्हाई. पण ओली, झिजलेली, खिळा घुसलेली चप्पल काय कामाची? आणि एक हात नळाला, दुसरा ओल्या भिंतीला लागला तर पायाचा संबंधच येत न्हाई.


सिस्टर_कसबा_बावडा

वाचून राहवलं नाही. कुणाला शॉक बसून चिकटला तर त्याला हात लावून ओढू नका, दोघं जातात. आधी मेन बंद. मेन जवळ नसेल तर कोरडी काठी, लाकडी स्टूल, जे कोरडं असेल त्यानं ढकला. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला, चहा मागितला तरी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा. बाहेर बोटावर तांदळाएवढा डाग असतो आणि आत बरंच भाजलेलं असतं. हे मी वॉर्डात बघितलंय.


शाहूपुरी_पुराचा_अनुभव

विषय निघालाच आहे तर पावसाळ्याचं लिहून ठेवतो. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. आमच्या गल्लीत आता ठरलेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की सामान वर, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता खालच्या मजल्याचा मेन बंद. पाणी बोर्डाला लागल्यावर मेन पाडायला पाण्यातनं जायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. इन्व्हर्टरची बॅटरी आधी वर न्यायची, लोक टीव्ही नेतात आणि बॅटरी खाली विसरतात.

पूर ओसरल्यावर सगळ्यांना घाई असते. आमच्या समोरच्यांनी भिंती ओल्या असताना लाईन चालू केली, बोर्डातनं धूर आला. आम्ही सगळे स्विचबोर्ड उघडे करून ठेवले, आतला गाळ ब्रशनं काढला, वायरमनकडनं मेगर लावून घेतला आणि मग एकेक सर्किट चालू केलं. फ्रिज आणि मिक्सर न लावता थेट दुकानात दिले. नंतर खालचे सगळे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर नेले. दिसायला विचित्र दिसतं, बटण दाबायला लहान मुलांना स्टूल लागतं, पण चालतंय.


पेठेतली_सून

अपडेट देते. चुलत सासऱ्यांना मी काही बोललेच नाही, वायरमनकाकांना आणि सासूबाईंना पुढं केलं. पहाटे त्यांच्याच परड्यात मीटर लावला, मोटरीच्या बॉडीला १४० च्या वर आकडा. चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मलाही बसायचा की, मी म्हणायची संधिवात असेल!" मोटर उद्यमनगरात भरायला दिलीय. त्यांनी आरसीसीबीही मागवलाय, आम्हीही घरचे कटआऊट काढून नवा बोर्ड करतोय. अर्थिंगचा खड्डाही सापडला, बाथरूम बांधताना त्याच्यावरच फरशी घातली होती. आता परड्यात नवं पाईप अर्थिंग (पाण्याच्या पाईपला नाही, जमिनीत वेगळा पाईप पुरून) करायचं ठरलंय.


सायबर_चौक_कॉट_बेसिस

काका, आम्ही पोरं भाड्याच्या खोलीत चौघं राहतो. मालक बोर्डाला हात लावू देत नाही. बादलीत रॉड टाकून पाणी तापवतो, १५०० वॅटचा. दोन पिनचा प्लग आहे, एक्स्टेंशनवर लावतो. चालतंय का?


उद्यमनगर_वायंडिंग

न्हाई चालत. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, साधं एक्स्टेंशन ६ चं असतं, महिनाभरात पिना तपकिरी होतील. उद्या सकाळी एक्स्टेंशन पालथं करून बघ, झालेल्या असणारच. दोन पिनचा रॉड फेकून दे, तीन पिनचा आयएसआय घे आणि भिंतीतल्या १६ च्या सॉकेटला लाव. मालकानं ते दिलं नसेल तर रॉड नको, गॅसवर तापवा.

बादली प्लास्टिकची. रॉड पाण्यात बुडवल्यावर खटका चालू, प्लग काढल्यावर रॉड बाहेर, मगच पाण्यात बोट. पाणी गरम झालं का बघायला मध्येच बोट घालणारा चौघांत एकजण असतोच, त्याला हे वाचून दाखव. आणि मालकाला सांग की आरसीसीबीचे पैसे चौघं मिळून द्यायला तयार आहात, बसवायला परवानाधारक वायरमन तो आणू दे. फुकट म्हटल्यावर ऐकतो का बघू.